सुपातलं हाड

“केवढं होतं जी हे, गेलं तवा?” अनसाबाईने खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसत विचारलं.

मी खड्ड्यात पालथी पडून ब्रशने माती झटकत होते. मान वर न करता म्हणाले, “लहानच होतं. पिल्लूच म्हणा.”

“आई गं.” तिने पदर तोंडाला लावला. “अन् माय त्याची?”

“मायबाप अजून सापडले नाहीत. तेच शोधतेय.”

अनसाबाईने कमरेची पुरचुंडी सोडून डिंकाचा एक लाडू माझ्या मातकट तळव्यावर ठेवला. “खा,” ती म्हणाली, “तुमाले ताकद पायजे.”

उन्हात राबणाऱ्या पाहुणीचं हे अगत्य आहे, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी अळिवाची खीर आली. पुढे कधीतरी जेवणानंतर बाळंतशेपा आल्या, तेव्हा तरी मला काही कळायला हवं होतं. पण हाडं शोधणाऱ्या माणसाचे डोळे जमिनीला लागलेले असतात. जमिनीच्या वर काय चाललंय ते त्याला शेवटी कळतं.

गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. वरोऱ्याच्या आतल्या बाजूला, बाभळी आणि हरभऱ्याच्या मुलखात, कोसमघाट नावाचं गाव. तिथे अनसाबाईचे यजमान नथ्थूजी ढवस यांच्या वावरात काळ्या मातीच्या खाली तांबडी चिकणमाती लागते. बांगडीवाल्याच्या कापसात काकणं निजावीत, तशी त्या तांबड्या मातीत डायनोसॉरची हाडं निजलेली आहेत. मी पुण्याहून संशोधनासाठी तिथे गेले होते, ढवसांच्या पडवीत राहत होते, आणि मला एक हाड सापडलं होतं. मांडीचं. न वाढलेल्या पिल्लाचं. उचलून कडेवर घ्यावं एवढंच. मोठी हाडं त्या भागात कुणाकुणाला मिळाली होती. पिल्लू कुणालाच मिळालं नव्हतं.

आनंद व्हावा अशीच गोष्ट. पण मध्ये देवस्थळी सर होते.

सर माझे मार्गदर्शक. त्यांचं सगळं आयुष्य थरांत गेलेलं. हाड कितीही देखणं असो, सर त्याच्याकडे बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, कुठल्या थरातलं? कारण थर म्हणजे त्याचा काळ, त्याचं गाव, त्याचं घराणं. “जागेवरून हललेलं हाड म्हणजे आईबाप नसलेलं पोर, सुनंदा,” ते म्हणायचे. “गोड असेल. पण कुठलं, कधीचं, कुणाचं, कोण सांगणार?” दुसऱ्यांनी नवे प्राणी म्हणून जाहीर केलेली कितीतरी नावं सरांनी पुराव्यानिशी खोडून काढली होती. स्वतः मात्र जन्मात एकाही प्राण्याचं नाव ठेवलं नव्हतं. खात्री पटल्याशिवाय ठेवायचं नाही, आणि खात्री काही पटत नव्हती.

निघताना त्यांनी मला बजावलं होतं. हा एक हंगाम. एक तरी हाड त्याच्या थरात, जागेवर, न हललेलं दाखव. दाखवलंस तर हे रान तुझं, हा विषय तुझा. नाहीतर तळघरातल्या प्रयोगशाळेत बसून काचपट्टीवरचे परागकण मोज. “चांगलं काम आहे. स्वच्छ. पंख्याखालचं.” परागकणांशी माझं काही वाकडं नव्हतं. पण मला ऊन आवडायचं, आणि मातीवर गाल टेकून काम करायला आवडायचं.

तर ते हाड मी सरांसाठी जागेवर राखून ठेवलं. चारी बाजूंनी माती खोदून काढली, खाली मातीचं जोतं ठेवलं, आणि त्यावर हाड तसंच निजू दिलं. मग आमच्या धंद्याची रीत असते ती केली. ओला कागद थापला आणि त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या.

शेजारच्या वावरात हरभरा उपटणाऱ्या बाया हातातलं टाकून काठावर येऊन उभ्या राहिल्या.

“काऊन गुंडाळून राहिल्या जी?” एकीने विचारलं.

“वारा लागला की तडकतं. नाजूक असतं फार.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यात गयाबाई होती, गावाची सुईण. निम्मं गाव तिच्या हातून जगात आलेलं. ती जरा वेळ माझी धडपड बघत राहिली, आणि मग तिला राहवलं नाही. लुगडं खोचून सरळ खड्ड्यात उतरली.

“सरका. असं का गुंडाळते कोनी? डोस्क्याकडून घ्या आधी.”

“गयाबाई, याला डोकं नाही.”

“नसन. पन आपन घ्याचं डोस्क्याकडूनच.” आणि तिने पट्टीवर पट्टी अशी काही सफाईने चढवली की शेवटी खड्ड्यात एक टुमटुमीत गाठोडं होऊन बसलं. मी हात धुताना त्याच्याकडे पाहिलं आणि हसले. जोत्यावर कुणी तान्हं निजवून गेल्यासारखं दिसत होतं.

अनसाबाई हसली नाही. तिने हळूच विचारलं, “तुमाले लेकरंबिकरं, मॅडम?”

“नाहीत अजून.”

“लग्नाले?”

“झाली की पाच-सहा वर्षं.”

“मंग सासू काई म्हनत नाई?”

“म्हणते ना. तिला सांगितलंय मी, आधी हे एक बाहेर येऊ दे, मग पुढचं बघू.” असं म्हणून मी त्या गाठोड्याला सहज थोपटलं.

बाया पुन्हा हरभऱ्यात गेल्या. थोड्या वेळाने तिकडून ओवी ऐकू आली. मला ओव्यांचं वेड लहानपणापासून, म्हणून मी ब्रश थांबवून कान दिला.

तांबड्या मातीत   निजलं गं तान्हं
शहराची माय आली   ऐकून त्याचं गानं

किती गोड, असं मनात म्हणत मी पुन्हा माती झटकायला लागले.

सर यायचे होते त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं. फाल्गुनातलं अवकाळी आभाळ. येतं रुसल्यासारखं आणि कुठे फुटेल ते सांगता येत नाही. एस.टी. फाट्यावर थांबायची, सरांना आणायला मला तिथपर्यंत चालत जायला हवं होतं. मी अनसाबाईला खड्ड्यापाशी बसवलं.

“पाऊस आला तर त्याच्यावर ताडपत्री ओढा. ओलं होऊ देऊ नका. प्लास्टर भिजून मऊ पडलं तर गेलं सगळं. आणि कुणाला हात लावू देऊ नका.”

“जा तुमी निर्धास्त. मोठे सर येऊन राहिले ना?”

“हो.”

“नाव सरच ठेवते म्हनत होत्या तुमी.”

“ठेवलं तर तेच. अजून कुणाचं ठेवलेलं नाही त्यांनी.”

“बरं झालं,” अनसाबाई म्हणाली. “घरचं मोठं मानूस आलं. आजच उरकून जाईन.”

“काय उरकेल?”

“काई नाई. जा, मोटर निघून जाईन.”

एस.टी. नेहमीसारखी उशिरा आली. सर उतरले. डोक्यावर टोपी, पायात बूट, कमरेला हातोडी, काखेत छत्री, आणि कल्लेदार मिशी प्रवासातही जागच्या जागी. नमस्कार, प्रकृती, असलं काही नाही. चालायला लागल्याबरोबर म्हणाले,

“थर?”

“राखाडी पट्ट्याच्या वर, हातभर.”

“तोंड?”

“पूर्वेकडे.”

“हललेलं नाही?”

“गेल्या साडेसहा कोटी वर्षांत नाही, सर.”

“काल-परवाचं विचारतो आहे मी.”

“कालही नाही, परवाही नाही.”

सर ‘हं’ म्हणाले. सरांचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्या कुणी पाठीवर हात ठेवण्यासारखं. मला पंख लागले. वावराचा बांध चढून मी मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. “हे पहा, सर.”

सरांनी पाहिलं. मीही पाहिलं.

खड्ड्यात हाड नव्हतं. मातीचं जोतं जिथे होतं तिथे एक वेताची टोपली पालथी घातलेली होती. टोपलीवर हळदकुंकू. शेजारी एक पणती, वाऱ्यात मिणमिणणारी.

“हे काय आहे?” सरांनी विचारलं.

“टोपली, सर.”

“टोपली मला दिसते आहे.”

सर खड्ड्यात उतरायला वाकले, तेवढ्यात बाभळीखाली बसलेले नथ्थूजी उठून लगबगीने आले. “नाई नाई, सर. बूट काढा. अन् टोपली नका उचलू. जागा हाये ते. बाया आल्याबिगर तिले हात नाई लावाचा, मले बसवलं इथं त्याच्यासाठीच.”

“इथे एक हाड होतं,” सर म्हणाले.

“हाव. लेकराले घरी नेलं. गार वारं सुटलं होतं ना. चला, बाया तुमचीच वाट पाहून राहिल्या.”

सर सावकाश माझ्याकडे वळले. ते कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. “सुनंदा,” ते म्हणाले, “तळघरातली खोली मी झाडून ठेवायला सांगतो.”

ढवसांच्या अंगणापर्यंतची वाट मी कशी चालले ते मला आठवत नाही. आठवतं ते अंगण. शेणसड्यावर रांगोळी, आड्याला पाळणा, पाळण्याला आंब्याचे टाळे आणि कुणाच्या तरी लग्नातला झुरमुळ्यांचा पडदा. भोवती गावातल्या झाडून साऱ्या बाया. आणि पाळण्याखाली, सुपात, माझं हाड.

त्याला कुंची घातली होती. डोकं नव्हतं त्या टोकाला टोपडं होतं. गळा नव्हता तिथे काळा दोरा होता. आणि पांढऱ्या शुभ्र प्लास्टरवर, कपाळ असतं तर जिथे आलं असतं अशा ठिकाणी, गयाबाईच्या अंगठ्याएवढी काजळाची तीट होती.

बाया गात होत्या.

निज निज तान्ह्या   माती तुझी मऊ
उठशील तवा   दूधभात खाऊ

नाई तुले हात   नाई तुले पाय
तरी तुझ्यासाठी   रान धुंडे माय

सर दारातच उभे होते. “ते हाड आहे,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे. स्वतःला आधार म्हणून.

“हाव जी,” गयाबाई म्हणाली. “आमाले का दिसत नाई? जनमभर हाडंच चाचपली म्या.”

“मग हे काय चाललंय?”

अनसाबाई पुढे आली. तिला आमच्या दोघांचे चेहरे बघून काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, आणि ती जरा घाबरली होती, पण मागे हटली नाही. “सर, बारशाले आमी पाट्यावरचा वरवंटा घेतो. त्याले कुंची घालतो, पाळन्याच्या वरून खालून फिरवतो, अन् ज्या बाईले लेकरू नाई तिच्या मांडीवर देतो. दगडाचं आधी करा, मंग हाडामांसाचं येते. आता मॅडमचं हे इतकं लाडाचं. रात्रंदिस त्याच्यापाशीच. सासूलेबी सांगून ठेवलं त्यांनी, आधी हे, मंग पुढचं. तर वरवंटा कायले पायजे वेगळा?”

मी मटकन पाटावर बसले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळे एकामागोमाग एक डोळ्यांपुढे येऊन हसून गेले.

बसायची खोटी, की माझी ओटी भरायला घेतली. खण, नारळ, गहू. मग दोघींनी सूप उचललं आणि पाळण्याच्या वरून एकीने दिलं, खालून दुसरीने घेतलं. ‘घे गं वरून, दे गं खालून’ करत ते फिरायला लागलं. ते जड होतं. प्रत्येक फेरीला बायांचे हात लवत होते आणि प्रत्येक फेरीला सरांचा हात नकळत पुढे येत होता, पडलं तर झेलायला.

“हळू,” सर म्हणाले. मग, “डावीकडे कलतंय.” मग, “अहो, खालून आधार द्या.”

“पाहा बरं,” एक म्हातारी म्हणाली, “किती माया हाये आत्याले.”

“कोणाला?” सरांनी विचारलं.

“आत्या पायजे ना नाव ठेवाले,” अनसाबाई म्हणाली. “मॅडमले नणंद नाई. नाव तुमीच ठेवनार हा मॅडमचा शबूद. मंग आज आत्या तुमीच.”

मी गेली कित्येक वर्षं सरांना मोठमोठ्या परिषदांत विद्वानांना निरुत्तर करताना पाहिलं होतं. त्या अंगणात मात्र त्यांना पाळण्यापाशी नेऊन वाकवलं गेलं. टोपडं त्यांच्या मिशीला लागलं. “कानात कुर्र करा,” गयाबाईने फर्मावलं.

“याला कान…” सर म्हणत होते, तोवर पहिला धपाटा बसला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बारशाला आत्या नाव कानात सांगते तेव्हा बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. प्रेमाचे असतात, पण असतात धपाटेच. आणि कोसमघाटच्या बायांचे हात वखराला लागलेले. सरांची टोपी सुपात पडली.

“नाव सांगा ना जी,” बाया ओरडत होत्या.

“नमुना क्रमांक मिळाल्याशिवाय…”

धपाटे.

“असं नाव असते का कुठं? दगडू ठेवा. दगडू चांगलं.”

आता सर सरळ झाले. चूक त्यांना सहन होत नसे, पाठीत धपाटे बसत असतानाही. “दगडू कसं म्हणता? तो दगड नाही. हाड आहे.”

“हाड एवढं जड असते का?” गयाबाईने विचारलं.

“म्हणजे हाडच. पण मातीत राहून राहून त्याच्यात खनिजं भरली. हाडाचा आता दगड झालाय.”

“मंग दगडूच ना.”

अंगणात हशा पिकला, आणि त्या हसण्यात सर मात्र एकाएकी थबकले. कसल्या तरी जुन्या आवाजाकडे कान लावल्यासारखे. मग ते आपणहून वाकले, अगदी खाली, आणि टोपड्याशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले. नंतर खाकरून, परीक्षेचा निकाल वाचावा तसे म्हणाले, “दगडू.”

बायांनी सूप माझ्या मांडीवर ठेवलं. त्या ओझ्याचं माप मला ठाऊक होतं. उचलायला किती माणसं लागतील, पेटी केवढी लागेल, सगळं मी आधीच धरून ठेवलं होतं. मांडीवर त्याचा भार कसा लागेल, ते मात्र कुठे धरलेलं नव्हतं. मी कुंची सारखी केली. कुणी बघत नाहीसं पाहून टोपडंही.

“ही माती कसली?”

सरांचा आवाज बदलला होता. ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले होते आणि टोपी उचलायच्या निमित्ताने सुपात वाकून पाहत होते. हाडाच्या खाली तांबड्या मातीचा जाड थर चिकटलेला होता.

“जागेवरचीच हाये,” अनसाबाई म्हणाली. “निजलेलं लेकरू उचलाचं तर उघड्या अंगानं उचलत नाई जी. खालचं अंथरून संगं घ्याचं. नाई तर दचकते. म्या विळ्यानं हळूच कापून, मातीसकट घेतलं.”

“आणि उरलेली माती?”

“टोपलीखाली. अर्धं अंथरून तिथंच राहू द्याचं, पणती लावून. जनमाची जागा कुत्र्यामांजरानं ओलांडू नाई म्हून टोपली घातली. ह्यांनाबी बसवलं तिथं.”

सर असे उठले की पाळणा हलला. “चला.”

“आत्ता कसं? पाळना पुरा म्हनाचा हाये.”

“किती आहे अजून?”

“हाये थोडा.”

थोडा नव्हता. विदर्भातल्या पाळण्याला एकदा गती आली की त्याला गणपतीपासून गावच्या पाटलापर्यंत सगळे पाहुणे येतात. सर सुपाच्या कडेवर बोटं वाजवत बसून राहिले. मध्ये कुणीतरी त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. त्या त्यांनी लक्ष नसताना खाल्ल्या आणि पुन्हा हात पुढे केला.

पाळणा संपला तेव्हा पावसाचे चुकार थेंब पडायला लागले होते. सूप कुणी घ्यायचं यावर वाद झाला नाही, कारण ते सरांनी आधीच उचललं होतं. मी त्यांच्यावर छत्री धरली.

“माझ्यावर काय धरतेस?” सर खेकसले. “त्याच्यावर धर.”

अशी आमची वरात निघाली. पुढे सर, सुपात कुंची घातलेला दगडू, सुपावर छत्री, मी भरल्या ओटीने भिजत शेजारी, आणि मागे सगळ्या बाया. त्यांना आता चेव आला होता.

आत्याबाई आली   पायात तिच्या बूट
अंगड्यासाठी उकलते   मिशीतलं सूत

सरांनी बांधापाशी न सांगता बूट काढले. अनसाबाईने हात जोडून टोपली उचलली. खाली जोत्याचा बुंधा कोरडा, जसाच्या तसा होता. वर विळ्याने कापल्याची वाकडीतिकडी खूण, एका कडेला मातीचा एक दात वर आलेला. सर ओल्या मातीत पालथे पडले. मी आणि गयाबाईने सूप तिरकं केलं, हाड त्याच्या मातीसकट अलगद सरकवलं, आणि सरांनी दोन्ही हातांनी ते केसाएवढं फिरवलं. भाकरीचे मोडलेले दोन तुकडे कडेला कड लावून जुळवावेत, तसं ते बसलं. दात खाचेत गेला. मधून नखही जाईना.

सरांनी गाल मातीला टेकवला आणि एक डोळा मिटून बघत राहिले. राखाडी पट्टा, त्याच्या वर हातभर तांबडी माती, तिच्यात पूर्वेकडे तोंड केलेलं हाड. ते तिथेच निजलं होतं. मधल्या वेळात जरा बारशाला जाऊन आलं होतं, इतकंच.

“सापडले,” सर म्हणाले.

“काय, सर?”

“मायबाप.”

अनसाबाईला हे सांगावं लागलं नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि पणतीची वात वर केली.

संध्याकाळी मी सरांना फाट्यावर सोडायला गेले. मोठा पाऊस आला नव्हताच. नुसता दबकावून गेला होता. चालता चालता सर म्हणाले, “तळघरासाठी पंखा आवडणारा दुसरा कुणी शोधू.”

“हो, सर.”

“पाठ दुखते आहे.”

“हो, सर.”

“माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत,” ते एकदम म्हणाले. “मी झालो तेव्हा कुणाची नजर नको म्हणून आईने आत्याला सांगून पाळण्यात दगडू नाव ठेवलं. दगड कोण नेतो? पुढे शाळेत मास्तरांनी दिगंबर केलं. आई गेल्यावर ते नाव कुणी घेतलंच नाही.” एस.टी.चे दिवे लांबून दिसायला लागले होते. “आज त्या बाया ओरडायला लागल्या, तेव्हा क्षणभर मला वाटलं, मलाच हाक मारताहेत.”

गाडीत चढताना त्यांनी मागे वळून सांगितलं, “तीट पुसू नकोस. आणि डिपार्टमेंटात धपाट्यांचं बोलू नकोस.”

पुढे त्या हाडावर मी प्रबंध केला. त्याच्या वर्णनात सरांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं: नमुन्याच्या खालील मातीवर हळदीचा पिवळा डाग आढळतो, तो अर्वाचीन आहे. प्लास्टरचं वरचं आवरण आम्ही काढलं, ते कुणीही फेकून देतं. सरांनी ते हाडाशेजारी काचेच्या कपाटात ठेवायला लावलं. एकदा नव्याने आलेल्या क्युरेटरबाई ओलं फडकं घेऊन त्यावरचा काळा डाग पुसायला निघाल्या, तर सर खुर्चीतून म्हणाले, “राहू द्या. दृष्ट लागेल.” बाई हसल्या. सर हसले नव्हते.

मला मूल झालं नाही. हाडं पुष्कळ झाली. सासूबाईंनी शेवटी शेवटी त्यांचीच चौकशी करायला सुरुवात केली होती.

आणि मग एका चैत्रात अनसाबाईचा फोन आला. नात झाली होती, बारशाला या, आणि सरांना आणा. सर तेव्हा निवृत्त झालेले, काठी घेऊन चालत. येतील असं मला वाटलं नव्हतं. पण एस.टी.त ते माझ्या आधी येऊन बसले होते, मांडीवर एक फुगलेली पिशवी सांभाळत.

तेच अंगण, तोच आड्याचा पाळणा. गयाबाई आता नव्हती. पाट्यावरचा वरवंटा आणायला कुणी आत निघालं, तेव्हा सरांनी ‘थांबा’ म्हणून पिशवी उघडली. कपाटातलं हाड बाहेर नेता येत नाही, हा नियम सर कधी मोडत नसत. त्यांनी प्लास्टरचा साचा काढून हुबेहूब दुसरं हाड ओतून आणलं होतं. पांढरं शुभ्र. त्यावर, कपाळ असतं तर जिथे आलं असतं नेमक्या त्या ठिकाणी, काजळाची तीट.

“मोठा भाऊ आला,” अनसाबाई म्हणाली, आणि त्याला कुंची घालायला घेतली.

ते पाळण्याच्या वरून गेलं, खालून आलं. मग माझ्या मांडीवर आलं. ते आता हलकं होतं. पाळण्यात पोर टकामका बघत होती.

“आत्या कोन?” एका नव्या सुनेने विचारलं.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, टोपी माझ्या हातात दिली, काठी भिंतीला लावली, आणि कुणी काही म्हणायच्या आत पाळण्यावर वाकून पाठ पुढे केली.